आपल्या गावचं कूपन चालेल का? (रील तर चालली)

कापूसपट्टा

मंडळी, यंदाच्या अखाजीपासून (अक्षय तृतीया) आम्ही काही दुकानदारांनी एक प्रयोग चालवलाय, त्यावर तुमची मतं हवीत. गाव तालुक्याचं, जळगावहून एसटीने तासाभराचं. प्रयोगात सव्वीस दुकानं आहेत: कापड, किराणा, कृषी केंद्र, सलून, दोन हॉटेलं, एक टायरवालासुद्धा. गिऱ्हाइकाने हजाराची खरेदी केली की मोबाइलवर पन्नासचं कूपन येतं, ते सव्वीसपैकी कुठल्याही दुकानात पैशासारखं चालतं. शंभर रोख भरले तर एकशेपाचचं मिळतं. बस, एवढंच. गावातला पैसा गावातच चार हातांतून फिरावा. आज सकाळी आलेला पैसा संध्याकाळपर्यंत ऑनलाइन कंपनीकडे नाही तर जळगावच्या मॉलमध्ये पोचलेला असतो.

प्रचार सगळा मोबाइलवर. अहिराणीत रील केली, 'आपला पैसा आपला गावमा'. सलूनवाला दाढीचं कूपन घेतो, त्यावर शेवभाजी खातो, हॉटेलवाला तेच देऊन बेसन आणतो, किराणावाला त्यावर कटिंग करून घेतो. पहिल्याच आठवड्यात लाखावर व्ह्यूज. गल्लीगल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज स्टेटस.

ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी आठवून पाहावं. एसटीचा कंडक्टर सुटे नाहीत म्हणून तिकिटामागे बाकी लिहून द्यायचा, ते तिकीट आपण खिशात जपायचो. ते काय होतं? दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट टेकवतो, ते काय आहे? ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ साली मंदीत स्वतःच्या नोटा काढल्या, रस्ते झाले, लोकांना काम मिळालं. मग आपण का नाही?

तापीकाठ

रील पाहिली, आवडली, तीन ग्रुपवर टाकली. पण मी पाहिली ती उधन्यात बसून. सुरतेत आमच्या चाळीत निम्मी घरं खान्देशी, अहिराणी ऐकलं की अंगठा आपोआप लाइकवर जातो. तुमच्या लाखात आमच्यासारखे किती ते एकदा बघा. आम्ही शेवभाजी खायला येणार वर्षातून दोनदा, लग्नाला आणि कानबाईच्या सणाला.

निवृत्त कॅशियर

भाऊ, उत्साहाचं कौतुक, पण कायद्याकडे पाहिलंय का? एका दुकानाचं कूपन त्याच दुकानात वापरायचं असेल तर रिझर्व्ह बँक विचारत नाही. सव्वीस वेगवेगळ्या मालकांच्या दुकानांत चालणारं, आगाऊ रोख भरून घेतलेलं कूपन म्हणजे प्रीपेड साधन. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली त्याला परवाना लागतो. बँक नसलेल्या कंपनीला अर्ज करतानाच ५ कोटींची नक्त मालमत्ता दाखवावी लागते, पुढे तीन वर्षांत ती १५ कोटींवर न्यावी लागते. आणि कागदावर छापून 'आणेल त्याला पैसे देऊ' म्हणायला गेलात तर १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ३१ आहे. त्यात 'हुंडी' हा शब्दच लिहिलेला आहे.

व्योर्गलची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथे नोटा दुकानदारांनी नाही, नगरपालिकेने काढल्या होत्या आणि घरपट्टी-कर त्याच नोटांत भरून घेतले जायचे. शिवाय दर महिन्याला नोटेवर एक टक्क्याचं तिकीट चिकटवावं लागायचं, म्हणून कोणी ती दाबून ठेवत नव्हतं. १९३३ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेने ते बंदच पाडलं.

कापूसपट्टा

काका, ५ कोटी? आमच्या सव्वीस जणांचा माल आणि फर्निचर विकलं तरी होणार नाहीत. रोख भरून कूपन घेणं उद्यापासून थांबवतो. पण खरेदीवर मिळतं ते तर सवलतच झाली ना? आणि कूपनापेक्षा यूपीआय बरं असं म्हणाल, तर एक सांगतो. आमच्या चौकातल्या चहावाल्याच्या खात्यात कुणीतरी चाळीस रुपये पाठवले, ते म्हणे फसवणुकीतले होते. खातं गोठलं. पाच आठवडे तो बँकेत खेटे घालत होता, चहा सोडून. दुधाचे पैसे द्यायला शेजाऱ्याकडून उसने घेतले. २०२५ च्या जुलैत बंगळुरात यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्यावर दुकानदारांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या, ते उगीच नाही. एकाच दोरीवर सगळं टांगायचं नसतं.

किराणा गल्ली

मी या सव्वीसातलाच एक आहे. नाव सांगत नाही, पण आमचे अध्यक्ष ओळखतील.

रीलमध्ये मी बेसन देऊन कटिंग करून घेतो. रील तिथेच संपते. प्रत्यक्षात महिन्याला मी किती वेळा केस कापू? रविवारी गल्ला लावला तेव्हा मोबाइलवर २,३४० ची कूपनं जमलेली. कापडवाल्याची, टायरवाल्याची, हॉटेलांची, सगळ्यांची कूपनं फिरून फिरून माझ्याकडे, कारण तेल-साखर रोज लागते आणि टायर तीन वर्षांनी. माझी डाळ जळगावच्या मिलची, तेलाचे डबे धुळ्याहून येतात. ठोकवाल्याला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, 'शेठ, हेच तुमचं कूपन ड्रायव्हरला दिलं तर तो डिझेल कशात भरेल?' पुढे बोललोच नाही.

आपल्या भागाचा धंदाच बाहेरचा. रावेर-यावलची केळी उत्तरेत जाते, कापूस जिनिंगमधून पुढे गुजरातेत, कापड सुरतेहून येतं. पैसा गावात फिरवायचा तर आधी माल गावात पिकला आणि गावातच खपला पाहिजे. सवलतीचे पन्नास शेवटी माझ्याच मार्जिनमधून जातात. किराण्यात मार्जिन असतं किती, हे कापडवाल्यांना कसं कळावं?

हिंजवडीतला खान्देशी

कूपन वगैरे जुनं झालं. बिटकॉइन आणा. एल साल्वादोरच्या एल झोंते गावात २०१९ पासून भाजीवालेसुद्धा घेतात. कुठली बँक नाही, कुठलं खातं गोठणं नाही.

निवृत्त कॅशियर

त्याच देशाने २०२१ मध्ये दुकानदारांना बिटकॉइन घ्यायची सक्ती केली आणि २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून ती काढली, तेही लिहा. आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आणि ठरावीक उलाढालीनंतर एक टक्का टीडीएस. वांगी घेताना टीडीएस कापणार का, भो?

सातपुड्यातला मास्तर

मी अक्कलकुव्याकडचा. पर्यायी व्यवस्थेला माझा विरोध नाही, उलट. मोलगीच्या बाजारात आमचूर देऊन मीठ-मिरची नेणाऱ्या बाया मी पाहिल्यात, आणि त्या हिशोबात कच्च्या नसतात. रेंज गेली की यूपीआय गेलं, मग आम्ही रोखीवर. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआयचं १२३पे २०२२ पासून आहे, *९९# त्याहून जुनं. त्यांच्या रील कोणी करत नाही, कारण त्यात बोनस नाही.

पण 'ठरावीक दुकानातच चालणारा पैसा' हे ऐकलं की माझे कान टवकारतात. मजुराला उचल द्यायची ती चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी चालणार मुकादमाच्या ओळखीच्या दुकानात, तिथे तेल दोन रुपयांनी महाग. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांना विचारा. मजुरी चलनातच द्यायची, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे, ते या अनुभवातूनच. म्हणून एक सरळ प्रश्न: तुमच्या सव्वीस दुकानांत कामाला असलेल्या पोरांचा पगार कूपनात देत नाही ना?

कापूसपट्टा

पगार नाही. दिवाळीचा बोनस अर्धा कूपनात द्यावा असा विषय निघाला होता. मीच काढला होता, खोटं कशाला बोलू. सालदारालाही (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) धान्य देतातच की, असं मनात होतं.

सातपुड्यातला मास्तर

सालदार ते धान्य खातो तरी. आणि किती पोती, हे अखाजीलाच त्याच्याशी ठरलेलं असतं.

भिशीवाली

एवढ्या दादा लोकांत बोलते, राग मानू नका. हजाराच्या खरेदीवर पन्नास म्हणता. आमच्या गल्लीत हजाराचा किराणा एकदम कोण भरतं? दोनशेचं-तीनशेचं सामान येतं, तेही वहीवर. म्हणजे कूपन मिळणार ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याला. आणि वहीवर घेणाऱ्याला दुकानदार म्हणतो, उधारीवर कूपन नाही.

आमची भिशी वीस बायकांची, महिन्याला हजार. रील नाही, ॲप नाही. डब्यातून चिठ्ठी निघते, जिचं नाव निघालं तिला वीस हजार रोख. मागच्या वर्षी एकीच्या घरी दवाखाना निघाला, तर जिची चिठ्ठी होती तिने स्वतःहून नंबर बदलून दिला. हे कशावर चालतं? जी चुकेल तिला गल्लीतून जायचंय, कानबाईच्या मिरवणुकीत नाचायचंय. याउलट माझ्या नणदेने मोबाइलवरच्या 'कॉइन'मध्ये पैसे घातले. ग्रुपमध्ये चारशे माणसं, रोज गुड मॉर्निंग आणि नफ्याचे स्क्रीनशॉट. एका सकाळी ॲडमिनसकट ग्रुप गायब. चारशेपैकी तिला ओळखीचं कोण होतं? तिला नादाला लावणारी मैत्रीण, आणि तीही बुडालेली.

तुमचं कूपन तसं नाही, हे मान्य. पण तुम्ही प्रचार तसाच करताय.

तापीकाठ

ताईंशी सहमत, पूर्ण.

कापूसपट्टा

ताई, शेवटचं वाक्य लागलं. रील मीच लिहिली होती. 'पहिल्या पाचशे लोकांना बोनस' हेही माझंच डोकं.

तरी मी पूर्ण माघार घेत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून वीर नावाची व्यवस्था चालू आहे, तिथे छोटे धंदेवाले एकमेकांतलं देणं-घेणं एका खात्यावर वळतं करतात. गिऱ्हाईक मध्ये येतच नाही. कृषी केंद्रवाला माझ्याकडून कापड नेतो, मी त्याच्याकडून खत नेतो, आणि कापूस विकेपर्यंत दोघांच्याही वह्यांत नुसती उधारी. ही सव्वीस जणांची उधारी महिन्याअखेर एका टेबलावर बसून वळती केली तर निम्मी रोख वाचेल असं मला वाटतं. काका, याला परवाना लागेल का, ते बघून सांगा. याची रील होणार नाही, व्ह्यूजही मिळणार नाहीत.

किराणा गल्ली

त्या टेबलावर मी येईन, वही घेऊन. पण त्याआधी माझ्याकडच्या २,३४० चं काय ते सांगा. त्यातली नऊशेची तुमच्याच दुकानाची आहेत. मंगळवारी बाजाराच्या आधी रोख पाठवा, पोराच्या हाती पाठवली तरी चालतील. आणि हो, सुटे असू द्या, चॉकलेट नको.