‘महामार्ग ओलांडणारा मार्ग’ : मोटरवे आणि लांब पल्ल्याची पायवाट यांना मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका :
पायी प्रवासाविषयीच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना मी एका वाक्यापाशी अडले आहे. इंग्लंडमधील ईडेल गावापासून स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येटम गावापर्यंत सुमारे ४३१ किलोमीटर जाणारी ‘पेनाइन वे’ ही पायवाट लँकेशर आणि यॉर्कशर यांच्या सीमेजवळच्या डोंगरमाथ्यावर एम-६२ हा मोटरवे, म्हणजे केवळ मोटारवाहनांसाठीचा मोठा रस्ता, ओलांडते आणि त्यासाठी तेथे केवळ चालणाऱ्यांसाठी एक कमानदार पूल बांधलेला आहे. मी ‘ही पायवाट पुलावरून मोटरवे ओलांडते’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याचे ‘हा पदभ्रमण मार्ग पादचारी पुलावरून महामार्ग ओलांडतो’ असे केले. चारशे किलोमीटरांच्या रस्त्याला ‘वाट’ हा शब्द तोकडा पडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मला मात्र त्यांच्या वाक्यात एक लहान मार्ग आणि एक मोठा मार्ग एवढेच दिसते. मूळ वाक्यात दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकमेकींना ओलांडतात. तो भेद मराठीत कसा राखावा?

मुद्रितशोधक :
मोटरवेसाठी ‘द्रुतगती मार्ग’ हा शब्द शासनव्यवहारात आणि वृत्तपत्रांत रुळलेला आहे. तो वापरला की ‘महामार्ग’ आणि ‘मार्ग’ यांची टक्कर बरीच सौम्य होते. पायी जाण्याच्या मार्गासाठी ‘पदभ्रमण मार्ग’ मला अयोग्य वाटत नाही. ‘मोटरवे’ मात्र देवनागरीत तसाच ठेवू नये. आपल्याकडे शब्द असताना आपण उसने आणत राहिलो, तर असलेलेही विसरले जातील.

स्थापत्य अभियंता :
मुद्रितशोधक यांच्या भावनेविषयी आदर आहे, परंतु ‘द्रुतगती’ हे मोटरवेचे लक्षण नाही. ब्रिटनमधील एम-१ या मोटरवेचा पहिला मोठा टप्पा २ नोव्हेंबर १९५९ रोजी खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती आणि ताशी ७० मैलांची मर्यादा १९६५ मध्ये आली. दोन्ही काळांत तो मोटरवेच होता. मोटरवेची व्याख्या त्यावर कोणाला मज्जाव आहे आणि त्यात शिरता कोठून येते यांवरून ठरते. पादचारी, सायकली आणि जनावरे यांना तेथे प्रवेश नसतो, दोन दिशांची वाहतूक स्वतंत्र असते, समपातळीवर चौक नसतो आणि ठरावीक ठिकाणांखेरीज आत शिरता किंवा बाहेर पडता येत नाही. आमच्या कामात आम्ही याला ‘प्रवेशनियंत्रित मार्ग’ म्हणतो. हा शब्द ललित लेखनात जड होईल हे मान्य आहे, पण नेमका आहे.

दुसरी अडचण अशी की आपल्याकडेच या शब्दांचा मेळ नाही. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा रस्ता प्रवेशनियंत्रित असूनही त्याचे नाव ‘समृद्धी महामार्ग’ आहे, तर मुंबई–पुणे रस्ता ‘द्रुतगती मार्ग’ आहे. ज्यावर बैलगाडीही चालते तो राष्ट्रीय महामार्गही ‘महामार्ग’च. त्यामुळे ‘महामार्ग’ वाचून वाचकाला मज्जावाची कल्पना येणार नाही, आणि मज्जाव कळला नाही तर केवळ चालणाऱ्यांसाठी वेगळा पूल का बांधावा लागला हेही कळणार नाही.

वाटाड्या :
अभियंत्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. त्याला मी दुसरी बाजू जोडतो. ज्या १९४९ सालच्या ‘स्पेशल रोड्स’ कायद्याने ब्रिटनमध्ये काही रस्ते विशिष्ट वाहतुकीसाठी राखून ठेवण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदाही झाला आणि लांब पल्ल्याच्या पायवाटा आखण्याचा अधिकार त्यातून आला. टॉम स्टीफनसन या पत्रकाराने १९३५ मध्ये मांडलेली पेनाइन वेची कल्पना त्यानंतर तीस वर्षांनी, एप्रिल १९६५ मध्ये, प्रत्यक्षात उतरली. एका वर्षाच्या दोन कायद्यांनी चालणाऱ्याला एकीकडे बंदी केली आणि दुसरीकडे त्याचा हक्क लिहून दिला. संपादकांनी दोन्हींना ‘मार्ग’ म्हटल्यावर हा सगळा अर्थ पुसला जातो.

‘वाट’ तोकडी पडते हे मला मुळीच पटत नाही. वाटेला लांबीची अट कधीच नव्हती. वाट मळते, वाट मोडते, वाट फुटते, वाट चुकते. ही क्रियापदे ‘मार्गा’ला लावून पाहा. जाणारे कमी झाले आणि गवत माजले की डोंगरात फिरणारे ‘वाट मोडली आहे’ म्हणतात; ‘मार्ग मोडला’ असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीच्या अॅपलाचियन ट्रेलवर झाडांच्या बुंध्यांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, आणि एकावर एक असे दोन पट्टे दिसले की पुढे वळण आहे किंवा सावधपणे पाहायला हवे असे समजायचे. असा पट्टा शोधत जाणारा मनुष्य वाटेवर असतो, मार्गावर नव्हे.

व्युत्पत्तीप्रेमी :
एक लक्षात आलेली गोष्ट सांगतो. इंग्रजी ‘वे’ आणि मराठी ‘वाट’ ही भावंडे आहेत असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तसे असेल, तर ‘पेनाइन वे’चे ‘पेनाइनची वाट’ हे भाषांतर न राहता एका अर्थाने शब्दाचे घरी परतणेच ठरेल.

संस्कृतज्ञ :
हे साम्य केवळ ध्वनीचे आहे. ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृत ‘वट्टा’मार्गे आली आणि तिच्या मुळाशी ‘वृत्’ हा धातू आहे. इंग्रजी ‘वे’चे नाते ‘वह्’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘वाहन’ शब्दाशी आहे. व्युत्पत्तीच्याच आधारे शब्द निवडायचा ठरवला, तर ‘वे’ मोटरवेकडे जाईल आणि पायवाटेला काहीच उरणार नाही. ‘मार्ग’ शब्दाचे नाते तर ‘मृगा’शी सांगितले जाते, म्हणजे मूळ अर्थ श्वापदाचा माग. अर्थ वापराने ठरतो, आणि आज मराठीत ‘मार्ग’ हा आखलेला, ठरवलेला, बहुधा कोणीतरी बांधलेला असतो.

व्युत्पत्तीप्रेमी :
‘वह्’ धातू मान्य आहे, परंतु मग ‘वहिवाट’ हा शब्द विचारात घ्यावा. त्यात वाहणे आणि वाट दोन्ही एकत्र आहेत असे मी मानतो. इंग्लंडमधील या पायवाटा बहुतांशी खासगी जमिनींमधून, लोकांच्या जुन्या जाण्यायेण्याच्या हक्काने जातात. आपल्याकडे शेतातून जाण्याच्या अशाच हक्काला ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या पायवाटेला ‘वहिवाट’ म्हटले, तर जाण्याची क्रिया आणि हक्क दोन्ही एका शब्दात येतात.

मुद्रितशोधक :
‘वहिवाट’ आज वाचकाला तहसील कचेरीत घेऊन जाईल. शिवाय वाटाड्या यांना एक प्रश्न आहे. पायवाट ही पायांनी पडलेली असते. पेनाइन वेवर दलदलीच्या भागात, जुन्या कापडगिरण्यांतील फरशा हेलिकॉप्टरने आणून अंथरल्या आहेत. फरसबंदी झाल्यावर ती पायवाट राहते का? अशा ठिकाणी ‘पदपथ’ हा शब्द आपोआप समोर येतो.

वाटाड्या :
‘पदपथ’ म्हणजे शहरातील रस्त्याच्या कडेची उंच पट्टी, हा अर्थ आता इतका पक्का झाला आहे की तो डोंगरावर नेता येणार नाही. फरशा का घातल्या तेही पाहावे. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची ओली माती; तिच्यात पाय रुतू लागला की प्रत्येक जण चिखल टाळून थोडा बाजूने जातो, त्यामुळे वाट रुंदावत जाते आणि माती धुपते. माती राखण्यासाठी ती फरसबंदी आहे. ‘फरसबंद वाट’ म्हणण्यात मला काहीच विसंगती दिसत नाही.

अनुवादिका :
सर्वांचे आभार. ‘वाट’ ठेवण्याचे धैर्य मला आले आहे, परंतु मोटरवेचा प्रश्न तसाच आहे आणि याच लेखात पुढे आणखी एक अडचण आहे. एम-६२ वर स्टॉट हॉल हे अठराव्या शतकातील शेतघर दोन ‘कॅरेजवें’च्या मधोमध आहे, भूरचनेमुळे तेथे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जाणारी बाजू एकमेकींपासून लांब न्यावी लागली. ‘दोन मार्गिकांच्या मध्ये’ असे लिहिले तर चालेल का?

स्थापत्य अभियंता :
नाही. मार्गिका म्हणजे लेन, आणि मोटरवेच्या एका बाजूला अशा बहुधा तीन मार्गिका असतात. दोन मार्गिकांच्या मध्ये फक्त रंगवलेली तुटक रेघ असते, तेथे घर मावणार नाही. वाहतुकीच्या बातम्यांत ‘मुंबईकडे जाणारी वाहिनी’ असे येते. एका दिशेच्या संपूर्ण भागाला ‘वाहिनी’ म्हणणे मला योग्य वाटते.

मुद्रितशोधक :
‘वाहिनी’ दूरचित्रवाणीने घेतली आहे. आणि ‘मार्गिका’ तरी कशाला? आपण ‘चौपदरी’, ‘सहापदरी’ रस्ता सहज म्हणतो. म्हणजे लेनसाठी ‘पदर’ हा अस्सल मराठी शब्द आपल्या तोंडी आहेच. ‘डाव्या पदरातून गाडी चालवावी’ असे लिहायला काय हरकत आहे?

संस्कृतज्ञ :
सामासिक शब्दात ‘पदर’ शोभतो, कारण तेथे तो थर किंवा पट या अर्थी संख्येला चिकटून येतो. ‘तिपदरी’ दोरीतला एक धागा सुटा दाखवताना आपण ‘पदर’ म्हणतो, हे मात्र आपल्या बाजूने आहे. तरीही ‘डाव्या पदरातून’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रस्ता येण्याआधी लुगडे येईल.

मुद्रितशोधक :
पहिल्यांदा वाचताना येईल. फलकांवर लिहिला गेला की येणार नाही. ‘मार्गिका’सुद्धा फलकांवरूनच रुळली.

स्थापत्य अभियंता :
फलकावर मार्गिका असली, तरी चालकाच्या तोंडी अजूनही ‘लेन’च आहे.