मदत हवी आहे : वेक्सफर्डच्या ‘बाव’ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, आयर्लंडच्या लोककथांच्या भाषांतरात एका शब्दावर गाडी अडली आहे. घरात मृत्यू होण्याआधी रात्री आक्रोश करणारी ‘बॅनशी’ बहुतेकांना माहीत असते. मूळ आयरिश ‘बॅन शी’, म्हणजे पऱ्यांच्या टेकडीतली बाई. पण आग्नेय आयर्लंडमध्ये, विशेषतः वेक्सफर्डकडे, तिला ‘बाव’ म्हणतात आणि वॉटरफर्डकडे ‘बाइब’. दोन्हींचं मूळ ‘बाइव’, म्हणजे जुन्या आयरिश कथांमधली, कावळीच्या रूपात रणांगणावर येणारी युद्धदेवता. त्यामुळे ‘बाव’ जास्त उग्र वाटते.

रोमन लिपीत हा शब्द धनुष्याच्या इंग्रजी शब्दासारखाच दिसतो, म्हणून ‘बो’ लिहिण्याची चूक सहज होते. उच्चार ‘काव’शी जुळतो. पण ‘बाव’ लिहिलं की कोकणातल्या वाचकाला विहीर दिसणार, आणि ‘बाऊ’ लिहिलं तर ‘बाऊ करणे’ आठवणार.

हडळ, जखीण, डाकीण मला पटत नाहीत. त्या झपाटतात, ही कुणाला मारत नाही, ठरावीक घराण्यांना फक्त वर्दी देते. तिचा कंगवा उचलणाऱ्याच्या मात्र ती मागे लागते. मग तो हाताने नव्हे, चिमट्यात धरून खिडकीबाहेर द्यायचा, कारण परत आलेला चिमटा वाकलेला असतो!

टिटवी किंवा पिंगळ्याच्या ओरडण्याशी जोडलेला, पण बाईचं रूप असलेला एखादा बोलीतला शब्द तुमच्याकडे आहे का? गाव-तालुका आणि नेमका उच्चार जरूर लिहा.