आराखड्यासोबतचा तक्ता

'वस्तीपातळीवरचे विकास आराखडे शेवटी कपाटात धूळ खातात,' हे मत सरसकट पटत नाही. अमेरिकेतल्या सिएटलचं बघा. १९९०च्या दशकात तिथे रहिवाशांनी ३८ आराखडे केले, आणि प्रत्येकासोबत एक तक्ता जोडला गेला: मागणी कोणती, किती निकडीची, काम कोणाकडे, आणि त्यावर पालिकेचं म्हणणं काय. मला हा तक्ता मूळ आराखड्याहून मोलाचा वाटतो, कारण त्यावर बोट ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारता येतो. पैशांचं म्हणाल तर १९९८ साली मतदारांनी ग्रंथालयांसाठी कर्जरोखे मंजूर केले, २००० साली उद्यानांसाठी जादा कर. छोट्या कामांना १९८८पासूनचा जोडनिधी, म्हणजे रहिवाशांनी उचललेल्या वाट्याला जोड म्हणून पालिका देते तो पैसा, होताच, आणि त्यात रहिवाशांचं श्रमदानसुद्धा त्यांचा वाटा म्हणून धरलं जातं!