जंगलपट म्हणजे नुसती चिकटवाचिकटव? अजिबात पटत नाही

रिळवाला, सातारा: काल सांगलीच्या एका मित्राने इथे लिहिलं की ‘जंगल जिम’ या अमेरिकन मालिकेतले पिक्चर म्हणजे जुन्या रिळांचे तुकडे चिकटवलेत, कला शून्य. गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय. १९४८ ते १९५५ मध्ये निर्माता सॅम कॅट्झमनने असे १६ पिक्चर काढले, तेही हात आखडून. युनिट आफ्रिकेला न्यायची सोय नाही. म्हणून सिंह जुन्या रिळातला आणि हिरो जॉनी वाइसमुलर अमेरिकेतला. आता हे जोडून दाखवा! सिंह डावीकडे बघत असेल तर नटाने उजवीकडेच बघायला हवं, नाहीतर दोघं समोरासमोर आहेत हे पटतच नाही. सिंहाची सावली ज्या बाजूला, नटाचीही त्याच बाजूला पाडायची. शिवाय जुना तुकडा म्हणजे निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून परत निगेटिव्ह. दर खेपेला दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, वाढतो, काळं आणखी काळं होतं. शेजारचा नवा शॉट लख्ख ठेवला की सांधा उघडा पडला. हे सगळं सांभाळणं कला नाही तर काय आहे?

कृष्णाकाठ, सांगली: ती पोस्ट माझीच. सांधा जुळला म्हणून जनावर चुकीचं चालतं का? याच वाइसमुलरच्या १९३२ च्या ‘टारझन द एप मॅन’मध्ये आपल्याकडच्या हत्तींना मोठे कान लावून आफ्रिकेचे केले. पण पाठ कुठे लपवणार? आपल्या हत्तीची फुगीर, आफ्रिकेच्या हत्तीची मधे खोलगट. सोंडेच्या टोकाला आपल्या हत्तीला बोटासारखा एक उंचवटा, त्याला दोन. आणि अशा जंगलपटांत झाडीतून येणारा तो ‘माकडांचा’ आवाज? तो कुकाबुर्रा, ऑस्ट्रेलियातला पक्षी! चांदोलीत शेकरू ओरडलं तर ओळखणारी माणसं आहोत आम्ही. आम्हाला हे खपत नाही.

वाईकर: हत्ती राहू द्या, खरा घोळ वेगाचा आहे. मूकपटाच्या काळातले तुकडे सेकंदाला साधारण १६ फ्रेमचे, बोलपट चालतो २४ ने. तसेच लावले तर हरणं दीडपट वेगाने पळतात आणि ओझी वाहणारी माणसं चावीच्या बाहुल्यांसारखी चालतात. ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्म छापायच्या यंत्रावर, दर दुसरी फ्रेम दोनदा छापली की १६ च्या २४ होतात. पण कॅमेरा फिरत असला तर चित्र थबकत थबकत सरकतं, डोळ्याला हिसके बसतात. कॅमेरा स्थिर असलेलेच तुकडे निवडायचे होते. ते निवडले नाहीत, हा सरळ आळस आहे.

रिळवाला, सातारा: आळस काय म्हणता, वेळ-पैसा कुठे होता? आपल्या दिग्दर्शक होमी वाडियांनी १९३७ ला ‘तूफानी टारझन’ आणि १९५८ ला ‘झिंबो’ काढला, तेव्हा आपल्याकडे तरी पैसा कुठे वाहत होता? हत्तींच्या कानांचं मान्य, ते वाईटच. पण भर दिवसा घेतलेले रात्रीचे सीन बघा की.

कराडची: त्याचं कसलं कौतुक राव? आकाश पांढरं फटक आणि पायाशी सावली.

रिळवाला, सातारा: करणाऱ्याचं चुकलं, रीत चुकीची नाही. काळ्यापांढऱ्या फिल्मला सूर्य पात्रांच्या मागे ठेवायचा आणि २५ नंबरचा लाल फिल्टर लावायचा. तो तीन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). एरवी लेन्स तीन स्टॉप उघडली असती, तिथे एक ते दीडच उघडायची. आकाश काळवंडतं आणि खांद्यावर, केसांवर चांदण्यासारखी कड येते.

कराडची: अर्धंच सांगताय. लाल फिल्टरने निळं आकाशच काळं होतं, ढग पांढरे ते पांढरेच. श्रावणात कासला हे करून दाखवा! आणि ओठ पांढरे पडतात त्याचं काय?

रिळवाला, सातारा: ओठांना लाल नको, गडद तपकिरी लावायचा. ढगाळ असेल तर आकाश फ्रेममध्ये घ्यायचंच नाही. कॅमेरा वर चढवून खालच्या झाडीवर रोखायचा.

वाईकर: हे काळ्यापांढऱ्याचं झालं. रंगीत फिल्मला लाल फिल्टर लावलात तर सगळं तांबडं होईल. तिथे दिव्यांच्या उजेडासाठीची फिल्म ८५ नंबरच्या नारिंगी फिल्टरशिवाय उन्हात वापरायची, म्हणजे निळी झाक येते. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, कमी करायचं ते आहेच.

कृष्णाकाठ, सांगली: मी जनावरांचं विचारलं, तुम्ही चांदण्यात शिरलात. नजरेचं आणि सावलीचं पटलं, तेवढा शब्द मागे घेतो. कानांना माफी नाही म्हणजे नाही. आणि ज्या तुकड्यात जनावर चुकीच्या बाजूला बघतं, त्याचं काय करायचे?

रिळवाला, सातारा: तो डावा-उजवा उलटवून छापायचा. हत्ती-सिंह उलटले तरी बघणाऱ्याला कळत नाही. पण माणूस असलेला तुकडा उलटवू नये, शर्टाचा खिसा उजवीकडे जातो आणि ट्रकवरची अक्षरं उलटी दिसतात.