ज्यूकबॉक्स हॉलमध्ये ठेवू का?

सचिव (ए-१०१) : पार्किंगमध्ये जिन्याखाली जुनी लाकडी शोकेस पडून आहे. कोणाची असेल त्यांनी रविवारपर्यंत हलवावी, नाहीतर भंगारवाल्याला देऊ.

बी-३०२ : माझी आहे साहेब, देऊ नका. तिचे वरचे कप्पे आणि बाजू वापरून मी घरी ज्यूकबॉक्स बनवलाय, म्हणजे बटण दाबून यादीतलं गाणं लावायचं कपाट. चार महिने संध्याकाळी माझ्या बाल्कनीतून ठोकाठोक ऐकू यायची, ती याचीच. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागतो. खालच्या फळीला वाळवी लागली होती म्हणून ती वापरली नाही, उरलेलं आजच उचलतो.
विचारायचं होतं ते हे : गणपतीच्या आधी हा ज्यूकबॉक्स आपल्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी ठेवला तर चालेल का? खर्च माझा, फंडातून काही नको.

सी-४०४ : काका, भारीच! पण एक विचारू का? हॉलमध्ये ब्लूटूथ स्पीकर आहेच. मोबाइल जोडला की हवं ते गाणं लागतं. मग एवढं मोठं कपाट कशाला?

बी-३०२ : विचारलंस ते बरं केलंस. ब्लूटूथवर ज्याचा मोबाइल जोडलेला असतो, गाणी त्याची लागतात. कोजागिरीला आठव. आपली ज्येष्ठ मंडळी दोन तास खुर्च्यांवर बसून होती. त्यांच्या आवडीचं एकही गाणं लागलं नाही, आणि लाव म्हणून कोणी सांगितलंही नाही. कोणाला दुसऱ्याचा मोबाइल मागायला संकोच, कोणाला स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. इथे समोर काचेखाली गाण्यांची यादी आहे, मोठ्या अक्षरांत, मराठीत. ‘ग’ दाबायचं, मग ‘७’ दाबायचं, गाणं लागतं. दुसऱ्याने आधीच लावलेलं असेल तर तुमचं रांगेत थांबतं, मधेच कोणाचं तुटत नाही. मला एवढंच हवं होतं, की ज्याला त्याला आपलं गाणं स्वतःच्या बोटाने लावता यावं.

सी-२०१ : वा! १९७१ मध्ये मी मुंबईत नोकरीला लागलो तेव्हा कोपऱ्यावरच्या इराण्याकडे असा बॉक्स होता. चार आणे टाकायचे, बटण दाबायचं, की काचेआडचा हात तबकडी उचलून आणायचा. गाणं संपेपर्यंत चहा पुरवून प्यायचो आम्ही. तुमच्यात तबकड्या आहेत का?

बी-३०२ : नाही काका, आत आमचा जुना डेस्कटॉप आहे. मॉनिटरही त्याचाच, १७ इंची, चौकोनी. हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क टाकली आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली. रूप मात्र जुन्याचं घेतलंय. वुर्लित्झर कंपनीचा १९४६ चा १०१५ म्हणून प्रसिद्ध ज्यूकबॉक्स आहे, कमानदार माथ्याचा, कडेने बुडबुड्यांच्या रंगीत नळ्या. पॉल फुलर यांचं डिझाइन. त्यात २४ गाणी मावत. पुढे १९४८ मध्ये सीबर्ग कंपनीने ५० तबकड्यांच्या दोन्ही बाजू वाजवणारा ज्यूकबॉक्स काढला, तेव्हा शंभर गाण्यांची सोय झाली. मीही शंभरच ठेवली आहेत. क ते ठ दहा अक्षरं आणि दहा आकडे, वीस बटणांत काम भागतं. संगणकात हजारो मावतील, पण हजार गाण्यांची यादी काचेखाली बसणार कुठे? आणि बसली तरी वाचणार कोण?

सी-४०४ : बटणं संगणकाला कशी जोडली?

बी-३०२ : जुना कीबोर्ड उघडला. आत एक छोटी सर्किटची पाटी असते. तिच्या ठरावीक दोन टोकांना वायर जोडली की संगणकाला वाटतं कळ दाबली. कुठली दोन टोकं जोडली की कुठलं अक्षर उमटतं, हा तक्ता करण्यातच माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. त्या पाटीवर काळ्या कार्बनचे पट्टे असतात, त्यावर सोल्डर धरत नाही. ब्लेडने अगदी हलक्या हाताने खरवडायचं, खालचं तांबं चमकलं की थांबायचं. जरा जोर झाला की तांबंही निघून येतं. एक कीबोर्ड असाच वाया गेला. तू ये रे रविवारी, दाखवतो. बटणांसाठी २८ मिमीच्या होल-सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने फळीला भोकं पाडली. आधी पुढून थोडं आणि मग मागून पाडायचं, म्हणजे सनमायका तडकत नाही. हे आपल्या सुतार मिस्त्रींनी शिकवलं.

ए-३०१ : दादा, तुमची मेहनत दिसतेय, पण हॉलच्या अगदी वर आमचं घर आहे. बाळ पाच महिन्यांचं आहे. दुपारी झोपलं की जरा आवाज झाला तरी दचकतं.

बी-३०२ : वहिनी, हे तुम्ही आत्ताच बोललात ते फार चांगलं. आवाजाचं बटण बाहेर ठेवलेलंच नाही, अॅम्प्लिफायर कुलुपाच्या आत आहे. संगणकातही कमाल मर्यादा बांधली आहे, त्यापुढे जाता येत नाही. खाली जाड रबराचे पाय लावतो, भिंतीपासून हातभर पुढे ठेवतो, म्हणजे बासचा दणका भिंतीतून वर चढणार नाही. दुपारी १ ते ४ तो आपोआप बंद राहील असं करून देतो. आणि पहिल्या दिवशी तुमच्या खोलीत उभं राहून, तुमच्या कानाने ठरवू.

ए-३०१ : मग माझी हरकत नाही. धन्यवाद दादा.

बी-१०५ : कायद्याचं मी सांगते. ध्वनिप्रदूषण नियम २००० आहेतच, त्यात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. गाण्यांच्या हक्कांची भीती नको. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांचीच सोय म्हणून रेकॉर्डिंग वाजवण्याला स्पष्ट सूट दिली आहे. हॉटेलला ती नाही. म्हणून माझा आग्रह, हॉल बाहेरच्यांना भाड्याने दिला असेल तेव्हा हा बंद ठेवा. नाणं टाकायची खाच असेल तर पैसे अजिबात घेऊ नका.

बी-३०२ : खाच केलीच नाही ताई. बाहेरच्यांच्या कार्यक्रमाला कुलूप.

सचिव (ए-१०१) : विजेचं कसं? गेल्या वर्षी हॉलचं वायरिंग तापलं होतं, म्हणून विचारतो.

बी-३०२ : रास्त आहे. एकच तीन पिनांची वायर बाहेर येते, आर्थिंगसकट. सुरुवातीला संगणक एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्यावर होता, तर स्पीकरमधून सारखा गूंऽऽ असा आवाज. आठ दिवस मी स्पीकरलाच दोष देत होतो. शेवटी दोन्ही एकाच बोर्डवर घेतले आणि ऑडिओच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे दोन्हींचा थेट विद्युत संबंध तोडणारा छोटा डबा टाकला, तेव्हा कुठे शांत झालं. दुसरं, मागची फळी पूर्ण बंद केली होती, तर पाऊण तासात संगणक तापून बंद पडला. आता खाली जाळी आणि वर गरम हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. परवा सहा तास सलग वाजवला, हात लावून बघितलं, कोमट सुद्धा नव्हता. पण तुम्ही आपल्या वायरमनकडून तपासून घ्या, मगच परवानगी द्या.

सचिव (ए-१०१) : ठीक. वायरमनला शनिवारी बोलावतो. त्याने होकार दिला की माझ्याकडून परवानगी, बाकी कमिटीला कळवतो.

ए-२०३ : भाऊजी, शंभर गाणी ठरली का सगळी? १९९६ मध्ये आपल्या महिला मंडळाच्या भजनाची कॅसेट केली होती. माझ्याकडे आहे. ते चालेल का?

बी-३०२ : चालेल म्हणजे काय काकू! मी ९२ भरली आहेत, ‘ठ’ ची आठ घरं मोकळी आहेत. फक्त ती कुठल्याही टेपवर लावून बघू नका. आधी कॅसेटच्या तोंडाशी मधोमध बारीक स्पंज दिसतो का ते सांगा.

ए-२०३ : स्पंज नाही. पितळी पट्टी दिसते नुसती.

बी-३०२ : मग स्पंज गळून पडलाय, फीत हेडवर दाबून धरतो तोच. फीत चांगली असेल, काळजी नको. दुसऱ्या कॅसेटचं कवच उघडून त्यात तुमची फीत बसवतो, टेपचं हेड स्पिरिटने पुसून घेतो आणि संगणकावर उतरवतो. साठ मिनिटांची असेल तर साठ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. नावं मात्र तुम्ही सांगा, कुठलं भजन कोणी म्हटलंय ते. यादीत नावासकट छापू. आज सातला येऊ का न्यायला?

ए-२०३ : या. दोन्ही बाजू घ्या हं. दुसऱ्या बाजूला पेटी वाजवली आहे ती आमच्या सासूबाईंनी.