सिबिल मायनस वन आलाय आणि दोघांच्या नावावर होम लोन काढायचंय

मोशीत_घर_शोधतेय:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चिंचवडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, हातात २८ हजार येतात. नवरा चाकणला कंपनीत, त्याचे ४६. मोशीत एक टू बीएचके बघून ठेवलाय, ५२ लाख सांगतायत, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आलेली बिल्डिंग आहे त्यामुळे जीएसटीची भानगड नाही. डाऊन पेमेंट कसंबसं जुळतंय, ती वेगळीच रडकथा. तर मागच्या शनिवारी दोघं बँकेत गेलो, तिथल्या साहेबांनी दोघांचे पॅन नंबर टाकले आणि म्हणाले मॅडमचा सिबिल (म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा स्कोअर) मायनस वन आहे आणि सरांचा ६७८, जॉइंट लोन आत्ता अवघड आहे, सहा-आठ महिन्यांनी या. मायनस वन ऐकून मला वाटलं मी कुणाचे तरी पैसे बुडवलेत की काय!

आयुष्यात एकदाच कर्ज काढलंय मी. डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा कोर्स) फीसाठी, गावच्या पतसंस्थेतून ८० हजार, बाबांचे मित्र जामीन होते. ३६ हप्ते, एकही चुकवला नाही. ते पासबुक अजून आहे माझ्याकडे, प्रत्येक हप्त्यासमोर जांभळा शिक्का आणि कॅशिअरची सही. बँकेत जाताना मुद्दाम पर्समध्ये घालून नेलं होतं. साहेबांनी दोन पानं उलटली, हसले आणि परत दिलं. सात वर्षं भिशी भरतेय, त्याचं मग मी नावच काढलं नाही.

आता प्रश्न असा की माझा सिबिल शून्यातून तयार कसा करायचा आणि किती दिवस लागतात? नवरा म्हणतो लोन माझ्या एकट्याच्या नावावर काढू, डोक्याला ताप नको. पण हप्ता दोघांच्या पगारातून जाणार आहे तर घरावर माझं पण नाव पाहिजे, एवढं साधं म्हणणं आहे माझं.

जुना_लोनवाला:

ताई आधी एक गोष्ट, मायनस वन म्हणजे वाईट नाही. काही रिपोर्टवर एनएच, म्हणजे नो हिस्ट्री, लिहून येतं, अर्थ तोच, तुमच्याबद्दल माहितीच नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तुम्ही त्या पट्टीवर अजून चढलेलाच नाही. मी सात वर्षं बँकेत होम लोनच्या टेबलावर होतो, मायनस वनवाल्यांच्या फायली पास झालेल्या पाहिल्यात आणि ६२० वाल्यांच्या अडकलेल्या पण पाहिल्यात. रिझर्व्ह बँकेने किमान स्कोअर अमुकच हवा असं ठरवून दिलेलं नाही. पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ हिस्ट्री नाही म्हणून परत पाठवू नका असंही बँकांना सांगितलेलं आहे, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत हेच सांगितलं. पण बँक बाकीची कारणं काढू शकतेच, त्यामुळे हे वाक्य घेऊन मॅनेजरशी भांडायला जाऊ नका, काही उपयोग होत नाही.

पतसंस्थेचं दुखणं खूप जणांचं आहे. बँका, अर्बन को-ऑपरेटिव्ह बँका, फायनान्स कंपन्या यांची माहिती ब्युरोकडे, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, जाते, पतसंस्था त्या यादीत धरत नाहीत. त्यामुळे तुमचे ३६ हप्ते त्या पासबुकातच राहिले. भिशीचं तर सोडाच.

करायचं काय, तर स्वतःच्या नावावर एक एफडी करा, २५-३० हजारांची चालेल, आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. एफडीच्या ७५ ते ९० टक्के लिमिट मिळते, पगार किंवा सिबिल फारसं कुणी बघत नाही कारण पैसे त्यांच्याकडेच अडकलेत. एरवी रोख देता ते किराणा, गॅस, मोबाईल रिचार्ज कार्डावर टाका आणि बिल आलं की पूर्ण भरा. पूर्ण म्हणजे पूर्ण, ते ‘मिनिमम ड्यू’ वगैरे बघायचंच नाही, बाकी रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. साधारण सहा महिन्यांत स्कोअर दिसायला लागतो, पण होम लोनला जायच्या आधी वर्षभराची हिस्ट्री असेल तर बरं.

नवऱ्याच्या कार्डावर ऍड-ऑन कार्ड घेऊन भागेल असं कुणी सांगेल, त्याचा उपयोग नाही, तो हिशोब मूळ कार्डवाल्याच्या नावावर जातो. आणि या काळात चार बँकांत अर्ज टाकून बघू कोण देतंय, असं करू नका. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टमध्ये उमटते आणि पाचवी बँक विचारते की आधीच्या चौघांनी का नाही दिलं. स्वतः स्वतःचा रिपोर्ट बघितला तर मात्र काही होत नाही.

खरं सांगू, तुमच्यापेक्षा मला नवऱ्याच्या ६७८ ची काळजी वाटतेय. का कमी आहे ते बघितलं का?

भाकरीचा_चंद्र:

माझी पण सेम स्टोरी, वाचतेय.

साताऱ्याची_सून:

मी हे एफडीवालं कार्ड केलंय म्हणून माझा गाढवपणा सांगते. २५ हजारांची एफडी, साडेबावीस हजारांची लिमिट. पहिले चार महिने छान चाललं, दोन-तीन हजार वापरायचे आणि भरायचे, स्कोअर ७४१ आला, मी खूश. मग दिवाळीत फ्रिज घेतला २१ हजारांचा, कार्डावर दीड हजार सूट होती ना! बिल शेवटच्या तारखेआधी सगळं भरलं. तरी पुढच्या वेळी बघते तर स्कोअर ७०५. मी रडकुंडीला आले, एक रुपया थकवलेला नाही आणि हे काय. नंतर कळलं की बिल ज्या दिवशी बनतं त्या दिवशी कार्डावर जेवढी बाकी असते तीच साधारण ब्युरोकडे जाते, म्हणजे त्यांना दिसलं की ही बाई साडेबावीसपैकी एकवीस हजार वापरून बसलीये. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहायचं म्हणतात ते यासाठी. दोन बिलं कमी वापर केला तर परत वर गेला. मोठी खरेदी करायचीच झाली तर बिल बनायच्या दोन-तीन दिवस आधी पैसे भरून टाकायचे, एवढंच.

आणि ताई नाव पाहिजेच. माझ्या सासूबाईंच्या नावावर आयुष्यात एक गॅस कनेक्शन सोडून काही नव्हतं, ते त्या अजून ऐकवतात.

आप्पा_बारामतीकर:

सगळे कार्ड घ्या कार्ड घ्या सांगतायत म्हणून लिहितो. आमच्या वेळी अंथरूण पाहून पाय पसरायची पद्धत होती, आता कर्ज मिळावं म्हणून आधी कर्ज काढायचं, हे गणित मला काही झेपत नाही. असो. पण एक अनुभव सांगतो. ऑफिसातल्या एकाच्या गाडीच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, सही केली आणि विसरून गेलो. त्याने हप्ते थकवले. पाच वर्षांनी मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला मी सहअर्जदार म्हणून गेलो तर माझ्या रिपोर्टमध्ये ती गाडी! मी त्या गाडीत एकदासुद्धा बसलेलो नाही. तेव्हा जावईबापूंना विचारा कुठे जामीन आहेत का. पुरुष हे घरी सांगत नाहीत, मीही सांगितलं नव्हतं.

जुना_लोनवाला:

आप्पा, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, जामीन राहिलेलं कर्ज रिपोर्टमध्ये येतं. पण कार्ड न घेता तिची हिस्ट्री तयार होणार कशी? थोडं सोनं ठेवून बँकेतून गोल्ड लोन काढणं हा दुसरा रस्ता आहे, तेही रिपोर्टमध्ये दिसतं, पण त्यात व्याज जातं. कार्डाचं बिल वेळेत पूर्ण भरलं तर व्याज शून्य.

मोशीत_घर_शोधतेय:

सगळ्यांचे आभार, आणि आप्पा तुमचे दुप्पट. काल रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याचा रिपोर्ट काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो तो. जामीन-बिमीन काही नाही. पण एक मोबाईल निघाला! २०१९ ला त्याने दुकानात ईएमआयवर फोन घेतला होता, लग्नाआधी. शेवटच्या हप्त्याच्या वेळी लॉकडाऊन लागलं, पगाराचं खातं बदललं होतं आणि हप्ता बाउन्स झाला. हप्ता त्याने नंतर भरला, पण बाउन्सचा दंड ५०० आणि वर जीएसटी ९०, असे ५९० रुपये राहिले ते राहिलेच. फायनान्स कंपनीचे फोन जुन्या नंबरवर जात होते म्हणे. रिपोर्टमध्ये ते लोन अजून चालू आहे, थकबाकी ५९०, आणि महिन्यांच्या चौकटींमध्ये जिथे ००० (म्हणजे उशीर नाही) पाहिजे तिथे उशिराचे तीन आकडी दिवस ओळीने वाढत गेलेत. तो फोन तर कधीच पाण्यात पडून मेला.

नवरा अर्धा तास गप्प बसला, मग म्हणाला तुझा मायनस वन माझ्यापेक्षा बरा. आता हे ५९० भरून टाकायचे की डिस्प्युट करायचा, म्हणजे नोंद चुकीची आहे अशी तक्रार करायची?

जुना_लोनवाला:

भरा, आणि पूर्ण भरा. फोनवर कुणी म्हणेल की ३०० द्या सेटल करून टाकतो, तर अजिबात नाही. सेटल्ड (कमी पैशांत मिटवलं) हा शेरा होम लोनवाल्याच्या डोळ्यात लगेच खुपतो, क्लोज्ड (पूर्ण फेडून बंद) पाहिजे. पैसे कंपनीच्या अधिकृत ऍपवर किंवा वेबसाईटवरच भरा, कुणी पाठवलेल्या लिंकवर नाही. मग एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, घ्या. डिस्प्युट आत्ता केलात तर कंपनी म्हणणार पैसे बाकी होते, आणि ते खरं आहे. भरल्यावर महिन्याभरात खातं बंद दिसलं नाही तर तेव्हा तक्रार टाका. जानेवारी २०२५ पासून माहिती निदान दर पंधरा दिवसांनी तरी जाते त्यामुळे पूर्वीसारखं दोन-दोन महिने थांबावं लागत नाही. तक्रार ३० दिवसांत मिटवली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे, मेलमध्ये तेवढं वाक्य टाकलं तर हालचाल होते. जुने डाग लगेच पुसले जाणार नाहीत, रिपोर्टमध्ये मागचे ३६ महिने दिसतात, पण खातं बंद झालं की मॅनेजरला समजावता येतं.

आता एकट्याच्या नावाचं. बँक साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरते. ५२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४१ लाख ६० हजार, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता ३६ हजार १०० च्या आसपास. दोघांचे मिळून ७४ हजार, निम्मे ३७, बसतं. त्याचे एकट्याचे ४६, निम्मे २३, त्यात साडेसव्वीस लाखांच्या वर जात नाही. म्हणजे तुमच्याशिवाय हा फ्लॅट होतच नाही, हे नवऱ्याला कागदावर मांडून दाखवा. शिवाय करारनाम्यात तुमचं नाव टाकलं तर बँक बहुतेक वेळा तुम्हाला कर्जातही घेणारच. उलटं मात्र होऊ शकतं, कर्जात नाव आणि घरात नाही, तेव्हा करारनाम्याचा मसुदा नीट वाचून सही करा. आणि जॉइंट लोन दोघांच्याही रिपोर्टमध्ये पूर्ण रकमेचं दिसतं, अर्धं-अर्धं नाही. एकाने हप्ता चुकवला तर दोघांचा सिबिल जातो.

साताऱ्याची_सून:

फ्लॅट नुसता तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, ५२ हजार वाचतील 😄 कर्जात नवरा राहूच शकतो. जॉइंट नावाला ती सूट नाही.

मोशीत_घर_शोधतेय:

हे वाचून दाखवल्यावर नवऱ्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही 😄 पण नाही, दोघांच्या नावावरच घेणार.

अपडेट देते. ५९० भरले, चौथ्या दिवशी एनओसी मेलवर आली. मोशीचा फ्लॅट बहुतेक हातचा जाईल, बिल्डर थांबणार नाही म्हणाला, बघू, तिथे अजून दोन बिल्डिंगा होतायत. या महिन्यात भिशी मला लागली, ३० हजार, त्याचीच एफडी करतेय. म्हणजे सात वर्षांच्या भिशीचा शेवटी सिबिलला उपयोग होणार तर! एक विचारायचं राहिलं, एफडी ऍपवरून केली तर कार्ड मिळतं का शाखेत जावं लागतं?

साताऱ्याची_सून:

बँकेवर आहे, माझं ऍपवरूनच झालं. एफडी एकटीच्या नावावर करा, जॉइंट नको, आणि मुदत संपली की आपोआप रिन्यू होईल असं टाका, नाहीतर एफडी मोडली की कार्ड बंद. शाखेत गेलात तर कार्डाबरोबर विमा पण गळ्यात मारायला बघतील, नको म्हणून सरळ सांगा.