ओव्हनमध्ये एकाच ट्रेत मासा आणि भाज्या: पाणीच पाणी होतंय, काय चुकतंय?

कृष्णाकाठची_लेक:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागला राहते, नोकरीवरून यायला सात वाजतात आणि आठ वाजले की पोरांची भूक भूक सुरू. दिवाळीत २८ लिटरचा ओटीजी घेतला तेव्हापासून डोक्यात होतं की एकाच ट्रेत मासा नि भाज्या सारायच्या, तव्यापाशी उभं राहायला नको. काल केलं एकदाचं. सुरमईच्या सहा तुकड्या, बटाटा, ढबू मिरची, कांदा, टोमॅटो, सगळ्याला कांदा-लसूण मसाला, हळद, मीठ, तेल चोळून १८० वर २५ मिनिटं. बटाटे कच्चे, सुरमईचा चोथा, मसाला वरून काळा आणि ट्रेत वाटीभर पाणी. धाकटीनं दही-भाकरी खाल्ली, फार वाईट वाटलं ओ, सुरमई काय भावानं मिळते माहितीय ना आपल्याकडं. नेमकं कुठं चुकलं?

घाटावरची_कोकणकर:
ताई, माझं माहेर रत्नागिरी, सासर कराड, त्यामुळं हे सगळं करून बसलेय. बटाटा आणि मासा एकदम आत घालायचा नाही हो. बटाट्याच्या करंगळीएवढ्या जाड फोडी करा, तेल-मीठ लावून आधी २०० वर २० मिनिटं, मग त्यात कांदा-ढबू टाका, फोडी कडेला सारा आणि मधल्या जागेत मासा. अर्ध्या-पाऊण इंचाच्या तुकडीला १०-१२ मिनिटं भरपूर. सुरीचं टोक मधल्या काट्याजवळ घालून बघा, काचेसारखं दिसणारं मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटलं की लगेच बाहेर, आणखी दोन मिनिटं म्हणून ठेवलंत की कोरडा पडलाच.
आणि सध्या जुलै चालूय, १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, म्हणजे तुमची सुरमई बहुतेक बर्फातली, तिला पाणी सुटणारच. पूर्ण वितळू द्या, मीठ-हळद लावून १५ मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी ओतून टाका, सुती फडक्यानं टिपा आणि मगच मसाला लावा. टोमॅटो ट्रेत नकोच, वेगळी कोशिंबीर करा.

मिरजवाला:
वरचं सगळं बरोबर, फक्त मसाल्याचं सांगतो. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात खोबरं, तीळ, लसूण आधीच भाजलेलं असतंय, ते वरच्या रॉडखाली उघडं ठेवलं की करपणारच. चमचाभर मसाला दोन चमचे घट्ट दह्यात कालवून माशाला पातळ लावा, ट्रे मधल्या खाचेत ठेवा आणि ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून घ्या. फोडी एकमेकींवर चढल्या की भाजत नाहीत, नुसत्या वाफेवर शिजतात, तेव्हा चौघांचं असेल तर दोन खेपा करा.
पावसाळ्यात सुरमईचा हट्ट कशाला, मरळ घ्या की. रोहू-कटलाला बारीक दुबेळके काटे असतात, लहान पोरांना नको, मरळीला तो त्रास नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो त्याला चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवायचं, आंबटानं वास मरतो. आणि बटाट्याबरोबर आपली कृष्णाकाठची वांगी घाला, उभ्या फाका करून, तेल जरा सढळ. वांग्याची कड तपकिरी होऊन आतलं लोण्यासारखं झालं की मासा राहिला बाजूला, ट्रेमधली वांगीच आधी संपतात आमच्यात.

घाटावरची_कोकणकर:
दादा, चिंचेच्या जागी कोकमाचं आगळ असेल तर ते घ्या, पण त्यात मीठ असतंय, वरून मीठ बेतानं.

कृष्णाकाठची_लेक:
मंडळी आज केलं!! मरळ मिळाली, कापून देतानाच कातडं काढून घेतलं. बटाटे-वांगी आधी २० मिनिटं, मग मरळ ११ मिनिटं, ट्रेत पाण्याचा थेंब नाही. बटाट्याच्या कडा कुरकुरीत झालेल्या, धाकटीनं मासा हातानं सोडवून दोन तुकड्या खाल्ल्या, काल दही-भाकरीवर झोपलेली पोरगी. मसाला दह्यात कालवल्यानं लालच राहिला. सातला आले आणि पावणेआठला ताटं वाढली, मध्ये ज्वारीच्या भाकरी पण थापून झाल्या. ताई, दादा, मनापासून आभार. रविवारी सासूबाईंसाठी नुसत्या भाज्यांचा ट्रे लावायचाय, पनीर घातलं तर किती मिनिटं?

मिरजवाला:
पनीर शेवटची ८ मिनिटंच, नाहीतर चिवट होतंय.